आप्पासाहेबांचा उष्टा पेरू

लोकशाहीत माणसाच्या हाती सर्वांत थोर शक्ती कोणती असेल तर ती वाणी होय. सदतीस सालच्या निवडणुकीत हे तत्त्व पणदऱ्याच्या सिंधूला जेवढं पटलं होतं, तेवढं खुद्द उमेदवारांनाही पटलं नसेल. फरक इतकाच, की वाणी ही खाण्याची वस्तू आहे अशी तिची समजूत होती.

तिची मुलगी बानू दसऱ्याला चार वर्षांची झाली आणि अजून बोलत नव्हती. कान चांगले तिखट होते. गुळाच्या डब्याचं झाकण निघालं की ती आळीच्या टोकावरून धावत यायची. बोलणं तेवढं नाही. गावानं काही दिवस वाट पाहिली आणि मग तिला मुकी म्हणायला सुरुवात केली. आता गावात पडलेलं नाव ही वंशपरंपरेची इस्टेट असते. सिंधूच्या चुलत सासऱ्याचा एकदा पाय मुरगळला, चौथ्या दिवशी तो बराही झाला; म्हातारा वारून बारा वर्षं झाली तरी त्याच्या नातवंडांना अजून लंगड्याची पोरं म्हणत. तेव्हा नाव मुरायच्या आत पोरीला बोलतं करायचं, एवढं सिंधूनं ठरवलं होतं. तिनं ठरवलं की घरात त्यावर पुन्हा चर्चा होत नसे.

उशिरा बोलणाऱ्या पोराला पोपटाचं उष्टं चारावं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. जळोचीला सिंधूच्या मावशीकडे पोपट होता. सिंधू तिथं आठ दिवस राहिली. रोज अर्धा पेरू पोपटानं खायचा, उरलेला बानूनं, आणि मग घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘बोल बाई, बोल’ म्हणायचं. नवव्या दिवशी सकाळी पोपट ‘बोल बाई, बोल’ म्हणाला. बानूनं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं.

घरी परतल्यावर सासू रंगूबाई फणकाऱ्यानं म्हणाली, की पोपटाला यायचे चार शब्द, त्यातलं उष्टं उरणार ते कितीसं! म्हातारी टोमणा मारत होती. सिंधूनं तो हिशेबात धरला. चार शब्दांचा पुरत नसेल तर जास्त शब्दांचा बघावा. आणि त्या महिन्यात अख्ख्या तालुक्यात सगळ्यांत जास्त शब्द आप्पासाहेब वकिलांकडे होते.

आप्पासाहेब असेंब्लीला उभे होते. त्यांचं भाषण सव्वादोन तासांचं असे. ते आयर्लंडातून निघे आणि नीरेच्या कालव्यावर पोचेपर्यंत म्हाताऱ्यांची एक झोप होऊन जाई. परवा त्यांची बारामतीला सभा होती.

सिंधूचा नवरा सोपान गुऱ्हाळावर होता. सभेला जाते म्हटल्यावर त्यानं विचारलं, “भाषान ऐकायचंय व्हय तुला?”

“न्हाय. त्यांचं उष्टं आणायचंय.”

सोपाननं काहिलीतला रस हलवला. “मागशील कसं?”

“तोंडानं.”

सभेच्या दिवशी सिंधू गुळाच्या ढेपा नेणाऱ्या गाडीत बसली, मांडीवर बानू, पदरात चार पेरू.

बारामतीत आप्पासाहेबांनी व्यासपीठावर काहीच खाल्लं नाही. गरम पाणी प्यायले, तेही सगळं. सभा संपल्यावर ते एका व्यापाऱ्याच्या घरी जेवायला गेले आणि दार लोटलं गेलं. दारावर छातीला बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक होता. साहेबांच्या ताटातलं थोडं काही मिळेल का, असं सिंधूनं त्याला विचारलं. त्याला वाटलं, बाई भुकेली आहे. तो भला होता. आत जाऊन त्यानं पत्रावळीवर गरम शिरा आणला. सिंधूनं शिऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ताजं नगं. उष्टं पायजे.” असा माणूस त्यानं त्या निवडणुकीत दुसरा पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी इंदापूरला सभा होती. गर्दी कमी पडू नये म्हणून बारामतीहून गर्दीची एक लॉरी जायची होती. सिंधू तोवर जवळच जळोचीला मावशीकडे थांबली आणि लॉरीत सर्वांच्या आधी जाऊन बसली. आपण होऊन बसणारं माणूस बघून ड्रायव्हरनं तिला दोनदा विचारलं, बाई, ही लॉरी सभेलाच जाती हां.

इंदापुरात ती पहिल्या रांगेत बसली. आप्पासाहेब आयर्लंड आटोपून, अडाणी समजुतींवर बोलून, देवी आल्यावर कोंबडं कापणाऱ्यांना नावं ठेवून पुढे निघाले होते. तेवढ्यात त्यांची नजर तिच्यावर गेली. बारामतीला समोर बसलेली तीच बाई, तीच मांडी, तेच मूल. वीस वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यात त्यांचं भाषण दुसऱ्यांदा ऐकायला कोणी राजीखुशीनं आलेलं नव्हतं. कडेवर लेकरू घेऊन तीस मैल आलेली ही माउली पाहा, स्त्रीशक्ती जागी झाली ती ही, असं म्हणून त्यांनी सिंधूला वर बोलावलं.

सिंधू वर गेली. बानूला टेबलावर बसवलं आणि पेरू पुढे केला. आप्पासाहेबांनी तो कपाळाला लावला, घरी गेल्यावर अवश्य खाईन म्हणाले.

“हितंच खावा,” सिंधू म्हणाली. “अर्धाच. राहिलेला माघारी द्या.”

त्यांनी कारण विचारलं. तिनं सांगितलं. पहिल्या तीन रांगांनी ते ऐकलं आणि बाकीच्यांना मागे कळवलं.

आप्पासाहेब मोठ्या पेचात पडले. अंधश्रद्धेवरचं वाक्य अजून मंडपातून पुरतं बाहेरही गेलं नव्हतं. त्यांनी आवाज खाली आणून गोडीनं समजावलं, की वाणी उष्ट्यानं येत नाही, ती अभ्यासानं येते. आपण स्वतः आरशासमोर उभं राहून तीन वर्षं सराव केला. शिवाय पेरूनं घसा बसतो, आणि उद्या भिगवणला सभा आहे. सिंधूनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“साहेब,” ती म्हणाली, “दोन सभा तुमचं ऐकलं मी. आता माझं एक ऐका.”

पुढच्या रांगेत डाळजचा गेणबा म्हातारा बसला होता. तो बसल्या जागेवरून म्हणाला, “खावा की आप्पासाहेब. पेरूच हाय, इख न्हाय. सतरा मतं हायती आमच्या वाडीत. अर्ध्या पेरवाला कुठं आडताय?”

मंडपात हशा पिकला. आप्पासाहेबांनी एकदा गेणबाकडे पाहिलं, एकदा पेरूकडे. सतरा मतं समाजसुधारणेपेक्षा जड भरली. त्यांनी पेरूचा लचका तोडला.

सभेत अशी शांतता त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. तीनशे माणसं त्यांचा घास मोजत होती. ते थांबू लागले तेव्हा सिंधू म्हणाली, अजून थोडा. मग तिनं उरलेला पेरू घेऊन बानूच्या हातात दिला. बानूनं तो बियांसकट खाल्ला. मागची माणसं उभी राहिली. खुद्द आप्पासाहेब टेबलाशी वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिले, भाषणाचा कागद कुठं पडला याची त्यांना शुद्ध नव्हती.

बानूनं बोटं चाटली आणि त्यांच्यापुढे हात पसरला.

कोणी न सांगता त्यांनी सिंधूकडून दुसरा पेरू मागून घेतला, अर्धा खाल्ला आणि बानूला दिला. तोही तिनं संपवला. बोलली नाही. ऊन उतरलं तशी माणसं पांगली, आणि सिंधू पोरीला पाठुंगळी घेऊन लॉरीकडे गेली. वाटेत एक बाई हळहळली, तर सिंधू म्हणाली, “गुण यायला येळ लागतो.”

मतदान होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा बानू बोलली. पहिला शब्द कोणता ते सांगता येत नाही. गुऱ्हाळाची शेवटची काहील उतरत होती, कोणाला सवड नव्हती. लक्षात आलं तेव्हा ती बराच वेळ बोलत होती. शिमग्यापर्यंत तिला गप्प करायला रंगूबाईला जागेवरून उठावं लागे. मुकी हे नाव मागे पडलं आणि पणदऱ्यात तिला वकिलीण म्हणू लागले.

आप्पासाहेब निवडून आले. असेंब्लीत ते दोन वर्षांहून अधिक काळ बसले. छापील कामकाजात त्यांची हजेरी आहे. भाषण एकही नाही.