रिकाम्या पेशींतली पट्टी

प्रयोगशाळेत ताईंचा दरारा होता. दुसऱ्याच्या प्रयोगातली खोट त्या चहाचा कप संपायच्या आत काढत. स्वतःच्या प्रयोगाच्या बाबतीत मात्र बाईंनी खुशाल डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

कॅन्सरच्या एका गाठीच्या पेशींत एक प्रथिन फार माजतं. फक्त त्यालाच धरणाऱ्या प्रतिपिंडाचा गळ टाकून ताईंनी ते बाहेर ओढलं, तर त्याच्यासोबत पेशीतली जुनी प्रथिनं मोडीत काढणारी अख्खी यंत्रणा वर आली. फिल्मवर तिची काळीभोर पट्टी उमटली. म्हणजे हे प्रथिन त्या यंत्रणेच्या मानगुटीवर बसतं. त्याला तिथून उठवणारं औषध मिळालं की गाठ चाकूशिवाय जिरेल, काम फत्ते. ताई हरखून गेल्या. धाकट्या भावाला तसलीच गाठ होती. त्याला ही बातमी सगळ्यांआधी सांगितली, आणि वर, ऑपरेशनची घाई करू नकोस, हेही सांगितलं. त्याने सर्जनला थोपवून धरलं.

एक पडताळणी तेवढी राहिली होती: ज्या पेशींत ते प्रथिनच नाही, त्यांत तोच गळ टाकून बघायचा. नवख्या विद्यार्थ्यालाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण पट्टी इतकी देखणी होती की तिला नाट लावायला ताईंचा हात धजेना. आज-उद्या करत त्यांनी महिने काढले. आज सकाळी एकदाची केली. पट्टी उमटली, तितकीच काळी. यंत्रणा प्रथिनाला नाही, गळालाच चिकटत होती.

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तशाच भावाच्या घरी गेल्या. तो खिडकीशी बसला होता. सदरा त्याला आता ढगळ होत होता.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तसं काही नाहीच आहे. तू ऑपरेशन करून घे."

तो चिडेल, वाट्टेल ते बोलेल, या तयारीने त्या आल्या होत्या. खरं तर त्यांना तेच हवं होतं.

"घेतो," तो म्हणाला. "मला कुठे भरवसा होता, ताई? डॉक्टर तर कधीचे मागे लागलेत. पण तू इतकी खूश होतीस, तुला नाही म्हणवेना."

त्याने सर्जनला फोन लावला. उशीर का झाला, असं तिकडून विचारलं असावं. "माझीच चालढकल," तो म्हणाला, आणि समोर बसलेल्या ताईंना मान वर करता आली नाही.