सिग्नल सरांचा रोजचा नफा

झेरॉक्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. विद्यापीठातली पोरंपोरी खिडकीच्या कठड्यावरही चढून बसली होती. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सिग्नल सर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बाहेर आले.

"आला सिग्नल! शेअरचा सौदा टाकलाय. भाव चढेल की पडेल ते विचारू नका, उच्चारलं की लहरी विस्कटतात."

बाजार बंद झाला की ते फोन उंच धरत. पडद्यावर हिरवागार नफा. रोज नफाच! टाळ्या ओसरल्या की आवाज मऊ व्हायचा, "ही विद्या दीक्षा घेतलेल्यांनाच. फी बाहेरच्या टेबलावर."

टाळ्या न वाजवणारी एकच होती. वाणिज्य शाखेतल्या या मुलीला वर्गात शंकाबाई म्हणत. तिच्याच खोलीत राहणारी मामेबहीण मामाने कॉलेजच्या फीसाठी पाठवलेले पैसे सरांना द्यायला निघाली होती.

"ताई, रोज डोळ्यांनी नफा बघतेय मी!"

"नफा बघतेस. सौदा टाकताना बघितलंस?"

"तुला ना, कुणाचं चांगलं बघवतच नाही," म्हणत तिने तोंड फिरवलं. शंकाबाईच्या ते फार जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात वर्गात शेअर बाजार शिकवायला सुरुवात झाली. मॅडम म्हणाल्या, "शेअर म्हणजे कंपनीतला छोटा हिस्सा. तुम्ही तो घेता, तेव्हा कुणीतरी विकत असतं. एकाला वाटतं भाव चढेल, दुसऱ्याला वाटतं पडेल. दिवसाअखेर कुणाचा तरी अंदाज चुकतोच."

शंकाबाईचं पेन थबकलं. आणि ही दोन्ही माणसं एकच असली तर?

दुसऱ्या दिवशी ती हॉलमध्ये उभी राहिली. "सर, सौदा टाकलेला फोन टेबलावर पालथा ठेवाल? बाजार बंद झाल्यावर तोच दाखवा."

"अविश्वासाने लहरी…"

"पालथा ठेवला की लहरी आतच राहतील ना?"

पोरं खिदळली. मामेबहीणच ओरडली, "ठेवा हो सर, हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे!"

सरांनी फोन ठेवला. त्या दिवशी नेमका नफा झाला आणि शंकाबाईची यथेच्छ टिंगल झाली. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी राहिली. सरांना नाही म्हणता येईना.

बाजार बंद झाला. सरांनी फोन उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. पडद्यावर लालभडक तोटा.

"अं… आजचा सौदा या फोनवर होता," म्हणत त्यांनी कोटातून दुसरा फोन काढला. त्यावर हिरवा नफा!

"शेअर तोच, संख्या तीच," शंकाबाई दोन्ही पडदे बघत म्हणाली. "एकावर चढेल म्हणून खरेदी, दुसऱ्यावर पडेल म्हणून आधीच विक्री, बाजार बंद व्हायच्या आत स्वस्तात परत घ्यायला. जिंकेल तो फोन बाहेर, हरेल तो कोटात. खरी कमाई बाहेरच्या टेबलावर!"

हॉलमध्ये गलका उसळला. फी भरलेले टेबलाकडे धावले. त्यातही एक पोरगा म्हणत होता, "पण सरांकडे काहीतरी शक्ती असणारच!"

जिन्यात मामेबहिणीने हात धरला. "ताई, उद्या आधी कॉलेजची फी भरू. मग मला तो शेअरचा धडा शिकव."

बाजार जरूर शिका. त्यात नफा आहे, तोटाही आहे. सिग्नल मात्र कुणालाच येत नाही. कुणी नुसताच नफा दाखवू लागला, तर भर गर्दीत उभं राहून विचारा, तोटा कुठे ठेवलाय?