सुरीच्या खाचेची रेघ

काप १

दात कापायला प्रयोगशाळा चालवणाऱ्या ताईंनीच शिकवलं. उंदराची दाढ तांदळाच्या कणीएवढी. तीन आठवडे औषधी पाण्यात मऊ करायची, गोठवायची, मग केसाहून पातळ काप काढून काचेवर धरायचे. हात थरथरत असेल तर चहा सोड, असं ताई म्हणाल्या आणि त्यांच्या हाताखालच्या धाकटीने खरंच सोडला.

काप २

दाताला भोक पडलं की आतून नवा थर धरतो. तो बांधायला रक्तातून फिरणाऱ्या मूळ पेशी मुद्दाम धावून येतात का, एवढंच शोधायचं होतं. उंदरांना हिरव्या चमकणाऱ्या पेशींची, हाडातली मज्जा दिली होती. पोखरलेल्या दाढेत हिरवे ठिपके दिसले तेव्हा अख्खी प्रयोगशाळा धाकटीच्या खुर्चीमागे गोळा झाली.

मग तिने शेजारची धडधाकट दाढ मोजली. ठिपके तेवढेच. म्हणजे भोकाकडे मुद्दाम कुणी धावून येत नव्हतं.

 ताईंनी काचांची पेटी मागितली. धाकटीने उचलून दिली, कोऱ्या उंदराच्या काचांसकट. ह्या उंदराला हिरवी मज्जा दिलीच नव्हती. नव्या सुरीची चाचणी म्हणून कापला होता.

काप ३ (फाटला)

ताईंवर तिने कधी

काप ४

लेख छापायला निघाला होता, फक्त तिची सही हवी होती. तिचं नाव सगळ्यांत आधी. ताईंनी पेनसुद्धा उघडून पुढे केलं.

धाकटी चित्रं बघत होती. पोखरलेली दाढ: हिरवी. धडधाकट दाढ: काळी कुळकुळीत. आणि त्या काळोखातून तिरपी गेलेली एक बारीक रेघ, सुरीला खाच असली की कापावर उठते तशी.

सुरीला खाच फक्त एकच दिवस होती, चाचणीच्या. संध्याकाळी तिने पातं बदललं होतं.

"ताई, हा कोरा उंदीर आहे."

"असेल. ती रेघ तुझ्याशिवाय कुणाला दिसणार आहे?" ताई हसल्या. "वेडाबाई, नाव तुझंच पहिलं टाकलंय ना?"

नाव का पहिलं टाकलंय, हे तिला त्या क्षणी कळलं. उद्या कुणी विचारलंच, तर बोट काप काढणारीकडेच वळणार.

काप ५

सहीची जागा मोकळी राहिली. ताईंच्याच पेनाने तिने त्या रेघेभोवती गोल केला, समासात पातं बदलल्याची तारीख लिहिली आणि कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

हात जराही थरथरला नाही. ते तरी ताईंनी नीट शिकवलं होतं.