मास्तर पुढे सरकतात

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्याही पायाखाली एक ब्रेक असे, आणि गावातली निम्मी माणसं त्या ब्रेकमुळेच जिवंत आहेत असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मत अगदीच खोटं नव्हतं. पण निवृत्त होऊनही पाय काही निवृत्त होईना. टीव्हीवरची गाडी वळणावर आली तरी मास्तरांचा उजवा पाय सतरंजीत रुतायचा. "जित्याची खोड," म्हणून बायकोने नाद सोडला होता.

लेकीला नाद सोडून चालणार नव्हतं. तिला बस चालवायची नोकरी लागली होती, पण ती अजून कच्ची. त्या दिवशी साहेब स्वतः बसमध्ये बसून तिचं चालवणं बघणार होते, आणि त्यांच्या मनात भरलं तरच ती कायम होणार होती.

"बाबा, तुम्ही येऊ नका," चपला घालता घालता तिने बजावलं.

"मी कशाला येतोय?"

"येणारच तुम्ही. मग निदान सगळ्यात मागे बसा. तुमचा पाय आपटल्याचा आवाज आला ना, की माझे हात गार पडतात."

मास्तर आले आणि शब्दाला जागून शेवटच्या सीटवर बसले. तिथून लेकीचं फक्त डोकं दिसत होतं, रस्ता मुळीच नाही. रस्ता दिसेना म्हणून जीव टांगणीला लागला. पहिल्याच थांब्यावर एक आजी चढल्या. मास्तर ताडकन उठले. "आजी, या, माझ्या जागेवर बसा!"

अर्धी बस रिकामी होती. आजींनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं आणि दारापाशीच बसल्या. मास्तर मात्र उठलेच होते, तेव्हा चार ओळी पुढे जाऊन बसले. तिथे ऊन लागलं. ऊन नसलेली सीट नेमकी पुढे होती. तिथली खिडकी खडखडत होती. मग त्याहून पुढची सीट चाकावर येत होती, आणि या वयात कंबरेला जपायला नको का? असं करत करत मास्तर थेट पहिल्या सीटवर, साहेबांच्या शेजारी येऊन टेकले.

समोर सिग्नल लाल झाला. मास्तरांचा पाय धपकन खाली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पेटके येतात."

"दोन्ही पायांत?"

"नाही हो, उजव्याच. सिग्नलला."

आरशात लेकीचे डोळे दिसले. मास्तरांनी खिडकीबाहेर बघायचं सोंग घेतलं. सिग्नल सुटून बस निघाली, आणि तेवढ्यात गल्लीतून एक सायकलवाला फोनवर बोलत बोलत सरळ बसच्या पुढ्यात आला.

मास्तरांनी पाय उचलला. पण तो खाली यायच्या आत बस थांबली होती. एक पाय हवेत, एक जमिनीवर, अशा अवस्थेत मास्तर तोल जाऊन साहेबांच्या मांडीवर कोसळले. सायकलवाला फोनवर बोलतच निघून गेला.

"कोणाला लागलं का?" लेकीने विचारलं. मग जरा हळू, "बाबा, उठा त्यांच्या मांडीवरून."

साहेबांनी चष्मा सावरला. "वडील का तुमचे?"

तिने मान डोलावली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण पोरीची नोकरी घालवली, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

"मोटार तुम्हीच शिकवलीत हिला?" साहेबांनी विचारलं.

एरवी मास्तरांनी या प्रश्नाचं उत्तर तासभर दिलं असतं. आज ते म्हणाले, "शिकवली मीच. पण आत्ताचा ब्रेक तिचा. माझा पाय पोचलाच नव्हता. माझ्या भरवशावर असता, तर तो पोरगा गेला होता."

साहेब पिशवी काखेत मारून उठले आणि त्यांनी मास्तरांच्या दंडाला धरलं.

"चला, मागे जाऊन बसू," ते म्हणाले. "इथे आपलं दोघांचंही काही काम नाही."

दोघं मागे जाऊन नीट बसेपर्यंत लेक आरशात बघत थांबली. मग तिने गाडी काढली.