तसूभर

धाकट्याच्या बाजूने रंध्याचा आवाज बंद झाला, त्याला तीन दिवस झाले होते. थोरल्या सुताराने कान टवकारून पाहिले, उगाच खोकूनही पाहिले. फळ्यांचीच भिंत ती, पलीकडे कुणी शिंकले तरी इकडे कळायचे. कारखान्याच्या मधोमध ती दोघा भावांनीच उभी केली होती, अबोला धरून, एकेक टोक सांभाळत. त्याला नऊ वर्षे झाली. आता धाकटा सगळे आवरून रविवारी मुलीकडे कायमचा निघाला होता, आणि हे थोरल्याला कळले ते शेजारच्या किल्लीवाल्याकडून. जाऊन विचारावे म्हटले, तर पाय उचलत नव्हता.

अशात शब्दकोशाचे काम करणाऱ्या एक बाई आल्या. "काका, तुमच्याकडे जुना तसूचा गज आहे म्हणे?"

त्याने खुंटीवरून बापाचा लाकडी गज काढला. "हे चोवीस भाग. एक भाग म्हणजे एक तसू. इंचाच्याच घरातला, पण आमचा इंचापेक्षा जरा लांब. जागा बदलली की गज बदलायचा, मग तसूही बदलायचा."

"शब्द मूळचा फारसी," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "आता मला एक वाक्य द्या. 'तसूभर' घालायचं, पण 'नाही' न घालता."

"त्यात काय एवढं?" म्हणत तो स्टुलावर बसला आणि अडला. तसूभर हलणार नाही. तसूभर कमी नाही. तसूभर फरक नाही. शब्दाच्या शेपटाला 'नाही' बांधलेलेच. "भारी हट्टी शब्द दिसतोय," तो म्हणाला. बाई हसल्या आणि फोन नंबर ठेवून गेल्या.

खरे तर त्याला आणखी एक वाक्य आठवले होते. "तसूभरही चूक माझी नाही." भर गिऱ्हाइकासमोर तो धाकट्यावर ओरडला होता. खिडकीची चौकट लहान पडली होती. थोरल्याने नुसते "बावीस" सांगितले होते; त्याच्या डोक्यात तसू, धाकट्याच्या हातात इंचाचा टेप. त्याच संध्याकाळी त्याला हे उमगले होते. पण बोललेले गिळायचे कसे, म्हणून तो गप्प राहिला आणि एकट्यापुरता चहा करायला शिकला.

त्याने गज खुंटीला लावला आणि फळ्यांना वळसा घालून पलीकडे गेला. दार उघडेच होते. खाटेवर बोचकी, आणि त्यांच्यात धाकटा दोरी आवळत बसलेला.

"काय पाहिजे?"

"बावीस म्हणालो होतो मी. कसले बावीस, ते सांगितलंच नव्हतं. चूक माझी."

धाकट्याने आधी गाठ पक्की केली. "एवढं बोलायला नऊ वर्षं लागली, दादा?"

"लागली."

धाकटा खाटेवर जरासा सरकला. तेवढ्यात खरे तर मांजरही मावले नसते. थोरला अवघडून टेकला.

रविवारी धाकटा ठरल्याप्रमाणे गेलाच. सोमवारी फळ्यांपलीकडे चिटपाखरू नव्हते. थोरल्याला इतके एकटे अबोल्याच्या नऊ वर्षांतही वाटले नव्हते. तेव्हा निदान रंधा ऐकू यायचा. दुपारी त्याने बाईंना फोन लावला.

"लिहून घ्या. 'धाकटा तसूभर सरकला.'"

"छान. आणि पुढे 'नाही' नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. "पुढे 'आणि मी बसलो' असं आहे."