कोऱ्या पानावरचे अंगठे

ठरावाची वही म्हणतात मला. लाल कापडी पाठीची, दोनशे पानांची, आदिलाबादच्या दुकानातून बेला या गावी आणलेली. बोलणं हे माझं काम नव्हेच. माझं काम लिहून घेण्याचं. पण माझ्या पानांवर एक गोष्ट अशी घडली, की ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ऐकून घ्या, आणि दोष द्यायचा असेल तर मलाही द्या.

बेल्यातल्या भाजी पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या लोकांनी मिळून एक लहानशी पतसंस्था काढली, त्याच वर्षी मी आले. आपली बचत एका जागी ठेवायची, ज्याला गरज त्याला त्यातूनच द्यायचं, सावकाराची पायरी चढायची नाही, एवढा साधा हेतू होता. नियम माझ्या पहिल्याच पानावर होते, म्हणून मला तोंडपाठ. शेअर एक असो की वीस, मत एकच. प्रत्येक गोष्ट महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवायची. कारभार बघणारे पंच दरवर्षी वार्षिक सभेत निवडायचे. आणि निदान पंधरा सभासद हजर असल्याशिवाय बैठक भरलीच नाही असं समजायचं.

अनंतराव चिटणीस होते. शाळेत कारकून, आणि संस्थेचं काम फुकट करणारे. शाळेच्या ओसरीत लोक बसत, भांडत, ठरवत. अनंतराव ठराव लिहीत, मोठ्यानं वाचून दाखवत आणि मग एकेकाला जवळ बोलावून अंगठा घेत. काय सांगू, ते दिवस फार चांगले होते!

गयाबाईची माझी ओळख तेव्हाची. सभासद क्रमांक एकतीस. नवरा लवकर गेला. शेत दिराच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. बाई कष्ट करून कांदे-वांगी काढायची, पण कुठल्याच कागदावर तिचं नाव नव्हतं. फक्त माझ्यात होतं. पहिला अंगठा दिला तेव्हा तिनं विचारलं, "अनंतभाऊ, येथं माझंच नाव लिवलं ना? कोनाची बायको, कोनाची सून, असं नाई ना?"

"नाई बाई. फक्त गयाबाई."

ती कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं तरी.

पुढे माणसांचा उत्साह ओसरला. बैठक बाजाराच्या दिवशीच असायची, कारण सगळे त्याच दिवशी गावात. पण दुकान सोडून यायचं कुणी? एकदा अनंतराव बोलवायला गेले तर गयाबाईच म्हणाली, "भाऊ, वही इकडंच आना ना. मी उठली तर ढोरं कांद्यात तोंड घालतीन."

झालं! तेव्हापासून मी अनंतरावांच्या काखेत बसून बाजार हिंडू लागले. या पालावर एक अंगठा, त्या ढिगापाशी दुसरा. वरचं पान कोरं, खाली अंगठ्यांची रांग. ठराव काय ते अनंतराव नंतर सावकाश लिहीत. लबाडी नव्हती हो त्यात. लोकांची सोय होती, आणि अनंतरावांवर भरवसा होता. तपासणीला येणारे साहेब तेलुगू. त्यांना मराठी वाचता येत नसे, ते नुसते अंगठे मोजत. पंधरा भरले की म्हणत, "सरी, सरी," म्हणजे ठीक आहे, आणि सही करून निघून जात.

असं किती वर्षं चाललं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ना, तसंच. कारण पीठ खाणारा आला होता. चंपतराव अध्यक्ष झाले. कोऱ्या पानाची किंमत त्यांना बरोबर कळली. ते सांगत आणि अनंतराव लिहीत. "हे बैठकीत झालं काय?" असं अनंतरावांनी एकदाही विचारलं नाही. भिडस्त माणूस, अध्यक्षांना कसं विचारायचं!

विचारलं ते गयाबाईनं. जयवंताबाई तिच्याच शेजारी भाजी घेऊन बसायची. तिचा विहिरीच्या कर्जाचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा गयाबाई अध्यक्षांना भर बाजारात म्हणाली, "नामंजूर केला त् केला. पन थे बैठक झाली कवा? मी त् कोनतीच बैठक पाह्यली नाई. यंदा मीच उभी राह्यतो पंचात, मंग पाह्यतो."

दोन दिवसांनी चंपतराव संस्थेच्या खोलीत आले. "गयाबाईनं राजीनामा देल्ला माह्याजवळ. स्वखुशीनं. लिवून घ्या."

अनंतरावांनी मला उघडलं. खाली अंगठे होते, त्यात गयाबाईचाही, परवाच्याच बाजारात, ती बोलण्याआधी, कांद्याच्या ढिगापाशी घेतलेला. त्यांचा हात थांबला.

"काऊन थांबले? खाली तिचाच अंगठा हाय. आनखी कोनता पुरावा पाह्यजे तुमाले?"

आणि अनंतरावांनी लिहिलं. जागा कमी पडली, म्हणून शेवटची ओळ अंगठ्यांच्या मधून बारीक अक्षरात काढली. तिच्याच अंगठ्यानं तिला काढून टाकलं! मला तोंड असतं तर त्याच वेळी ओरडले असते.

निवडणुकीचा अर्ज द्यायला गयाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. चंपतराव हसले. "बाई, तुमी सभासदच नाई आता." मला तिच्यासमोर ठेवलं.

"काय लिवलं हाय, वाचा," ती अनंतरावांना म्हणाली.

अनंतरावांनी वाचलं.

"मी कवा गेली राजीनामा द्याले?"

"अंगठा कोनाचा हाय?" चंपतरावांनी विचारलं.

तिनं वाकून पाहिलं. कोयता लागल्याची आडवी खूण होती त्यात. "माह्याच हाय," ती म्हणाली, आणि निघून गेली. खोटं बोलली असती तर सुटली असती. पण बाई खोटं बोलली नाही.

चार दिवसांनी वार्षिक सभा होती. त्या चार दिवसांत अनंतराव मला घरी घेऊन गेले, पुन्हा पुन्हा तेच पान उघडून बसले. खरं सांगावं तर इतक्या वर्षांचे ठराव खोटे ठरणार, शाळेतली नोकरी धोक्यात येणार. गप्प बसावं तर कुणालाच काही कळणार नव्हतं.

सभेला खूप लोक जमले होते. गयाबाई दाराबाहेर उभी होती, आत यायचा हक्क नव्हता म्हणून. अनंतराव उठले.

"मंडळी, गयाबाईनं राजीनामा देल्ला नाई. मी अंगठा आधी घेतला, ठराव मागून लिवला. हा एकच नाई, कितीतरी वर्षांपासून सगळेच."

जयवंताबाई उठली. "म्हंजे माह्या अर्ज नामंजूर झाला, तोही माह्याच अंगठ्यानं?"

"हो, बाई."

सभेत जो गलका झाला, तो विचारू नका. चंपतराव तरातरा निघून गेले. राजीनाम्याचा ठराव सभेनं रद्द केला, गयाबाईला आत बोलावलं. आणि मग लोकच म्हणू लागले, अनंतराव देवमाणूस, कबूल केलं ना, जाऊ द्या आता.

गयाबाई उठली. डोळे भरून आले होते तिचे. "भाऊ, तुमी आज बोल्ले नसते त् मी संपली असती. थे मी मरेपर्यंत इसरनार नाई. पन माह्या गळा कापला थो तुमच्याच हातानं. वही तुमच्याजवळ नोको राहाले. अन् वही बाजारात बलावनारी मी, थे पाप माहं. आता दुकान बंद ठिवीन, पन बैठकीले येईन."

हात वर झाले. मोजले. अनंतरावांना चिटणीसपदावरून काढायचा ठराव मंजूर झाला. दुसरं लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून अनंतरावांनीच तो माझ्यात लिहिला, स्वच्छ, पूर्ण ओळींत. मोठ्यानं वाचला.

"बरोबर लिवलं काय, बाई?"

"आनखी एकदा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचला. तिनं शेवटपर्यंत ऐकला. मग येऊन वाळलेल्या अक्षरांखाली अंगठा टेकवला. तिच्यामागे बाकीचे एकेक करून आले.

ते माझं शेवटचं पान. खोट्या ठरावांचा पुरावा म्हणून मला सरकारी कचेरीच्या कपाटात ठेवलं, तिथंच आहे मी, वाळवीची वाट बघत. गयाबाई पंचात निवडून आली की नाही, मला ठाऊक नाही. ते नव्या वहीत लिहिलं असेल. तुमच्या गावातही एखादी वही कुणीतरी काखेत घेऊन तुमच्या दुकानापर्यंत येईल, तुम्हाला घाई असेल, माणूसही चांगला असेल. तरी त्याला म्हणा, आधी वाचा. एवढंच माझं मागणं आहे.