चौथीची उजळणी

“पाण्याची वाफ होते, त्या क्रियेला काय म्हणतात?”

कुशाबाईनं ओळीखाली बोट धरून प्रश्न वाचला आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. रामहरी गुरुजी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला, तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला. ओठ हलले, थांबले, परत हलले. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आणि गाणी वाजवत चालला होता. तो पुढं जाईपर्यंत ती थांबली.

“बाष्पीभवन,” गुरुजी म्हणाले.

“शाब्बास,” म्हणत तिनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

याच माणसाला सकाळी तहान लागली होती. पाणी हा शब्द काही केल्या सापडेना, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं ताट भिरकावलं आणि दूध-भाकरीचा काला फरशीभर झाला. पाणी मागता येत नाही, पण त्याची वाफ झाली की तिचं नाव बरोबर येतं, असा देवाचा उफराटा कारभार. सुरुवातीला कुशाबाईला याचं हसू यायचं. आता ती फक्त फरशी पुसायची.

गुरुजींनी जन्मभर कळंबात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर झेडपीच्या शाळांतून चौथीला शिकवलं. परीक्षा तोंडावर आली की त्यांची विज्ञानाची उजळणी सुरू व्हायची. सजीव-निर्जीव, दिवस-रात्र, चुंबक, मुळं-पानं, सगळा वर्ग एका सुरात आणि आवाज पार ओढ्यापलीकडं. पुढं पोटं सुटलेले बागायतदार झालेले त्यांचे विद्यार्थी रस्त्यात भेटले की लांबूनच हाळी द्यायचे, “गुरुजी, परिवलन!” गुरुजी म्हणायचे, “आणि परिभ्रमण कोण, तुझा बाप सांगणार?” आणि दोघंही हसत आपापल्या वाटेनं जायचे. मग श्रावणात एका सकाळी दाढी करता करता अर्धांगाचा झटका आला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता आणि माणूस खाली पडलेला.

दवाखान्यातून आणल्यावर डॉक्टरांनी बारामतीच्या सोनल मॅडमकडं पाठवलं. मॅडम म्हणजे पंचविशीची पोर; गेलेलं बोलणं परत शिकवायची. तिनं पहिल्याच दिवशी कुशाबाईकडं बोट दाखवून विचारलं, “आजोबा, या कोण? नाव सांगा बरं यांचं.” गुरुजींनी बायकोकडं पाहिलं, मान खाली घातली आणि किंचित हसले. सोनलनं थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा विचारलं, मग मान हलवून कागदावर फुली मारली. कुशाबाईला ती फुली झोंबली.

“अगं पोरी, उभ्या जल्मात त्यांनी माजं नाव घेतलं न्हाय. आता तुज्यासमूर घेतील व्हय?”

खोटं काही नव्हतं त्यात. घरात ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’, चारचौघांत ‘सौरभची आई’. लग्नात घास भरवताना घेतलं असेल तेवढंच, तेही बँडच्या गदारोळात तिला ऐकूच आलं नव्हतं. तीसुद्धा सगळ्या गावासारखी त्यांना गुरुजीच म्हणायची. त्या खाली मान घालून हसण्यात ओळख होती की नुसता रिकामपणा, हे सोनलला ठरवता येईना. कुशाबाईनं मात्र तिथल्या तिथं ठरवून टाकलं की ते लाजले.

सोनलनं वाद घातला नाही. शब्द पुष्कळदा जुन्या वाटेनं परत येतात, असं ती म्हणाली. ते जे वर्षानुवर्षं रोज बोलत आले, त्यानंच सुरुवात करायची. उत्तर आलं की शाब्बास म्हणायचं, चुकलं तर रागवायचं नाही, परत विचारायचं. येताना एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून कुशाबाईनं चौथीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक घेतलं. तिची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती.

घाई करायला कारण होतं. मुलगा सौरभ बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, बायको-मुलांसह तिथंच राहायला. दिवाळीच्या आधी गुरुजी कुणाच्या नकळत घरातून निघाले आणि कालव्याच्या कडेनं काठी टेकत, पाय ओढत चालताना एका गवळ्याला सापडले. त्या दिवसापासून सौरभच्या जिवाला घोर लागला. पुण्याजवळ एक केंद्र आहे, अशा माणसांना नीट सांभाळतात, तो स्वतः बघून आला होता.

“आई, आबा आता कुणालाच वळखत न्हाईत. मग हितं काय आन् तितं काय, त्यांना सारखंच हाय. तू मातूर मरशील वढून वढून.”

“मला वळखत्यात.”

“कशावरनं?”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“मला लागतो आरसा,” सौरभ म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. संक्रांतीपर्यंत वाट बघू, असं म्हणून तो गेला.

तिच्याकडं पुरावा होता, पण सांगायची लाज वाटत होती. संध्याकाळ झाली की गुरुजी घाबरे व्हायचे. मग ती कॉटवर शेजारी बसायची आणि ते तिच्या पदराचं टोक डाव्या मुठीत धरायचे. झोप लागेपर्यंत ती मूठ सुटायची नाही. परक्या बाईचा पदर कोण असा धरेल? पण हे पोटच्या पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणून उजळणी. जेवणं उरकली की ती चष्मा लावायची, पुस्तक घ्यायची, गुरुजींना खुर्चीत बसवून समोर उभी राहायची. उभं राहिलं की त्यांचं लक्ष लागतं हे तिनं ताडलं होतं. वाचताना अडखळायची आणि पुस्तकाशी भांडायचीही. वनस्पती आपलं अन्न स्वतः तयार करतात, असं वाचून ती म्हणाली, “आन् बाया दुसऱ्याचं.” गुरुजी हसले नाहीत. पूर्वी हसले असते.

एक दिवस सजीवांचा धडा निघाला. सजीव कशाला म्हणतात? गुरुजींनी पाठ म्हटलं की सजीव अन्न घेतो, हालचाल करतो, श्वास घेतो, वाढतो. शाब्बास म्हणून तिनं ती ओळ स्वतःशीच परत वाचली. भरवलं की ते खात होते, धरलं की चालत होते, श्वास तर सुरूच होता. पुस्तकाच्या हिशेबानं गुरुजी सजीवांत बसत होते. ओळखतो, असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तरी शब्द येत होते. आधी एकेक, मग अख्खी वाक्यं, तीही शुद्ध पुस्तकी. सोनलनं मोबाइलवर ऐकलं आणि खूश झाली. आणखीही बदल होत होते. कुशाबाई पुस्तक घेऊन आली की गुरुजी आपणहून ताठ बसायचे. डाव्या हातानं उजवा हात उचलून छातीशी धरायचे, हाताची घडी घातल्यासारखा. उठून उभं राहायची धडपडही करायचे. अंगात ताकद येतेय, असं तिनं धरलं. संध्याकाळी मात्र ते पदर धरेनासे झाले. ती शेजारी बसली की कॉटच्या पार कडेला सरकायचे आणि अंग चोरून पडायचे. भीती गेली असेल, बरंच झालं, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण त्या मोकळ्या पदराकडं बघून तिला रडू यायचं.

एका दुपारी उत्तर चुकलं. चंद्राला प्रकाश कुणाकडून मिळतो, याला ते माती म्हणाले. तिनं परत विचारलं, परत माती. मग त्यांनी डाव्या हाताचा तळवा तिच्यापुढं धरला आणि डोळे मिटून घेतले. काहीतरी मागतायत, असं वाटून तिनं त्यावर सोललेलं केळं ठेवलं. गुरुजींनी डोळे उघडले. आधी केळ्याकडं आणि मग तिच्याकडं ते चकित होऊन बघत राहिले.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सौरभ आला. कुशाबाईनं गुरुजींची दाढी करवून घेऊन त्यांना पांढरा सदरा घातला होता. चहा झाल्यावर म्हणाली, आता बस आणि ऐक. तिनं पुस्तक उघडलं. मुळं काय करतात? जमिनीतील पाणी शोषून घेतात आणि झाडाला आधार देतात. दिवस आणि रात्र कशामुळे होतात? पृथ्वीच्या परिवलनामुळे. चुंबकाला काय चिकटतं? लोखंड. एकही उत्तर चुकलं नाही. सौरभनं हीच उजळणी बापाच्याच वर्गात चौथीला बसून केली होती. तो डोळे पुसत खुर्ची जवळ ओढून बसला.

“आबा, मी कोण?”

गुरुजींनी त्याच्याकडं पाहुण्याकडं बघावं तसं आदबीनं पाहिलं.

“बरं, ऱ्हाऊ द्या. ही कोण?”

“बाई,” गुरुजी म्हणाले.

“कोणच्या बाई?”

“आमच्या शाळेतल्या.”

कुशाबाईच्या हातातलं पुस्तक मिटलं. हाताची घडी, उठून उभं राहणं, कॉटच्या कडेला सरकणं, सगळं तिला एकदम कळलं. पुढं केलेला तो तळवा छडीसाठी होता. उत्तर चुकल्याची शिक्षा घ्यायला, आणि त्यावर तिनं केळं ठेवलं होतं. श्रावणापासून तिनं त्यांचा एकेक शब्द वेचून आणला होता. पण रोज चष्मा लावून समोर उभी राहत, शाब्बास म्हणत, त्यांच्या डोक्यातून स्वतःला तिनंच बाहेर काढलं होतं. गप्प होते तेव्हा निदान पदर तरी धरत होते. तिला स्वतःचा असा राग आला की पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं.

सौरभनं आवाज चढवला नाही. “बघितलंस न्हवं आई?” तो म्हणाला. मग खाली बघत, मंगळवारी सुट्टी टाकतो, गाडी सांगून ठेवतो, असंही म्हणाला. तिनं मान हलवली. तिच्याकडं आता दाखवायला काही नव्हतं.

तेवढ्यात गुरुजींनी डावा हात वर केला. बोलायची परवानगी मागत होते. दोघंही थांबली. गुरुजी बराच वेळ शब्द जुळवत राहिले, कपाळावर घाम आला. आणि मग जे आलं ते पुस्तकातलं नव्हतं.

“बाई, सोडा आता मला. घरी कुशा वाट बघतीया.”

सौरभ आईकडं बघायला धजला नाही. बापाच्या तोंडून त्यानं हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. कुशाबाई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. एवढ्या वर्षांत या नावानं तिला आई-बापाखेरीज कुणी हाक मारली नव्हती आणि ते दोघं कधीच गेले होते. पुढं नुसतं कुशा म्हणणारं कुणी उरलं नाही, असं ती समजून होती. ते नाव त्यांच्याजवळ होतं. मनातल्या मनात ते तिला हेच म्हणत आले असतील, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. आता कळलं ते असं, परक्या बाईसारखं समोर उभं राहून.

“बाई, जाऊ का?” गुरुजींनी विचारलं.

“जावा,” ती म्हणाली. “झाली उजळणी.”

“आई, मंगळवारचं...” सौरभ म्हणाला.

“कुटं न्यायचं न्हाय त्यांना आता. घरी निघाल्यात ते.”

तिनं त्यांच्या डाव्या हातात काठी दिली आणि उजव्या बाजूनं खांदा दिला. उंबऱ्याशी गुरुजी थबकले. बाईंना उगाच त्रास, अशा संकोचानं म्हणाले, “तुमी कशाला?”

“माजी बी वाट तिकडंच हाय.”

दोघं अंगणात उतरली. फाटकाकडं वळू न देता तिनं त्यांना गोठ्याच्या अंगानं घेतलं. कोपऱ्यावर गुरुजींनी विचारलं, लांब आहे का? ती म्हणाली, “न्हाय, हितंच.” घराला वळसा घालून मागच्या दारी यायला त्यांना बराच वेळ लागला. दार उघडंच होतं. गुरुजींचा चेहरा उजळला. ते तिच्या खांद्यावरून आत बघू लागले, स्वयंपाकघरात, मग त्याच्या पलीकडं, कुणाला तरी शोधत.

“येईल आता ती,” कुशाबाई म्हणाली. “बसूया तवर.”

तिनं त्यांना धरून पायरीवर टेकवलं आणि शेजारी, जरा अंतर ठेवून, आपणही वाट बघत बसली.